पाय बधिर, दात मात्र वाजतात

भोपाळचं हमीदिया रुग्णालय असो की साकेतनगरचं एम्स, सिझेरियनसाठी मणक्यात भूल दिली की अनेक बायकांचे खांदे आणि जबडा थडथडू लागतो. बाहेर मे महिन्याची लाही असली तरीही! नातेवाइकांना वाटतं, ताप भरला. तसं नसतं.

भुलीमुळे कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, शरीराच्या गाभ्यातली ऊब पायांकडे वाहते. पहिल्या तासाभरात आतलं तापमान अर्धा ते एक अंश सेल्सिअसने उतरू शकतं. पाय उबदार लागतात, म्हणून थंडी फारशी जाणवतही नाही. बधिर स्नायू थरथरू शकत नाहीत. सगळी हुडहुडी वरच्या अंगाला येते. दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा पुन्हापुन्हा फुगतो, आकडा काही धड येत नाही.

थरथरीत प्राणवायूची गरज वाढते; हृदयविकार असेल तर ते जड जातं. गरम हवेचं पांघरूण, कोमट सलाइन, गरजेनुसार ट्रॅमाडॉल किंवा पेथिडीन हे नेहमीचे उपाय. पांघरूण भुलीच्या आधीच घातलं तर जास्त उपयोगी. एसी जरा कमी करा, हे सांगायला मात्र कुणी सहसा धजावत नाही.