रंग चढवावा जपून, उतरवावा धीराने

लग्नसराई जवळ आली, की पूर्वी घरात मेंदीच्या वाटीभोवती मुलींचा घोळका जमे. आजही जमतो, पण मेंदीच्या कोनाशेजारी आता संगणकाच्या माऊसएवढा एक छोटासा विजेचा दिवा येऊन बसला आहे. त्याच्या जांभळट उजेडात मुली बोटे धरून बसतात, मिनिटभराने नखे बाहेर काढतात, आणि काचेसारखा चकचकीत रंग पुढे दोन-तीन आठवडे जागचा हलत नाही. धुणीभांडी, कणीक मळणे, टंकलेखन, सगळे काही त्याला सोसते. याचे नाव ‘जेल मॅनिक्युअर’. पार्लरमध्ये दर खेपेला चांगलेच पैसे मोजावे लागतात, म्हणून दिवा, बाटल्या आणि कानस असा सगळा संच मागवून घरच्या घरी हा उद्योग करणाऱ्या मुलींची आणि त्यांच्या आयांचीही संख्या वाढते आहे.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. या हौसेला मात्र थोडे आहे, आणि ते समजून घेऊन हौस करावी.

नेहमीचे नेलपॉलिश आणि जेल या दोहोंत मुळातच फरक आहे. साध्या पॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज नावाचा पदार्थ द्रावकात विरघळवलेला असतो. द्रावक उडून जाते, रंगाचा पापुद्रा मागे राहतो. १९२० च्या दशकात मोटारगाड्यांना जो झटपट वाळणारा रंग देऊ लागले, त्याचाच हा नाजूक भाऊबंद. अमेरिकेत १९३२ मध्ये ‘रेव्हलॉन’ कंपनी निघाली ती नखांच्या रंगावरच. आपल्याकडे टाटांनी १९५२ मध्ये ‘लॅक्मे’ सुरू केली आणि अशा बाटल्या मध्यमवर्गीय घरांतल्या आरशापुढे येऊन बसल्या.

जेल मात्र वाळत नाही, ते घट्ट होते. त्यातले अॅक्रिलेट जातीचे छोटे रेणू दिव्यातल्या अतिनील किरणांनी एकमेकांशी साखळीसारखे जोडले जातात आणि नखावर प्लास्टिकचे कवच तयार होते. दाताचा डॉक्टर दातात पांढरे सिमेंट भरून त्यावर निळा उजेड टाकतो, त्यातली रसायने याच कुळातली. या नात्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

आधी नखाविषयी. आपल्याला दिसते ते नख म्हणजे केराटिनच्या मृत पेशींचे एकावर एक बसलेले थर. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. हाताचे नख महिन्याला तीनएक मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे यायला सुमारे सहा महिने लागतात. वरचे थर एकदा सोलले गेले, की कोणतेही तेल वा क्रीम ते भरून आणू शकत नाही. नवे नख वाढून येण्याची वाट पाहणे एवढेच हाती उरते.

आता करण्याची रीत. हात स्वच्छ धुवून पूर्ण कोरडे करावेत. नखे हवी तेवढी ठेवून कानशीने आकार द्यावा. नखाच्या मुळाशी असलेली कातडी कापू नये, लाकडी काडीने हलकेच मागे सारावी. ती जंतूंना आत शिरू न देणारी आपली बंद खिडकी आहे. ती कापली, की नखुर्डे झालेच म्हणून समजा. नखाची चकाकी जाईल इतपतच बफर फिरवावा, आणि स्पिरिटच्या बोळ्याने तेलकटपणा पुसून घ्यावा. मग बेस कोट, रंगाचे दोन हात आणि शेवटी टॉप कोट. प्रत्येक थर पातळ हवा आणि प्रत्येक थरानंतर सांगितला असेल तेवढा वेळ दिव्याखाली. थर जाड दिला तर वरून घट्ट, आतून कच्चा राहतो. अंगठा इतर बोटांबरोबर धरला की तिरका राहतो, म्हणून दोन्ही अंगठे वेगळे धरावेत. दिवा आणि जेल एकाच कंपनीचे असलेले बरे. कोणत्याही दिव्याने कोणतेही जेल पुरते घट्ट होतेच असे नाही. शेवटी वर जो चिकटपणा राहतो तो हवेतल्या प्राणवायूमुळे; तो स्पिरिटने पुसला, पण बोटांना लागू दिला नाही, की काम झाले.

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचा नियम दिसायला क्षुल्लक आहे : कच्चे जेल कातडीला लागता कामा नये. कडेने केसाएवढी जागा मोकळी ठेवावी आणि ओघळ आलाच, तर दिव्याखाली जाण्यापूर्वीच पुसून काढावा. कारण जेलमधल्या ‘हेमा’सारख्या मेथॅक्रिलेटची काहींना अॅलर्जी होते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला आणि घरगुती संचांचा त्यात खास उल्लेख केला. बोटे खाजतात, लाल होतात, नख खालून सुटते. हात लागतो म्हणून कधी पापण्यांवर आणि मानेवरही पुरळ उठते. ही अॅलर्जी एकदा जडली, की सहसा जन्माची सोबतीण होते. दातात भरायचे सिमेंट, गुडघ्याचा सांधा बदलताना वापरायचे सिमेंट, मधुमेहींच्या दंडावरच्या सेन्सरचा चिकटा या सगळ्यांत त्याच कुळातली रसायने असू शकतात. अठराव्या वर्षीच्या हौसेची किंमत साठीत मोजावी लागू नये, एवढ्यासाठी ही काळजी. युरोपीय संघात ‘हेमा’ असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिकांनीच वापरावीत असा नियम आहे, आणि ‘टीपीओ’ या रसायनावर तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली आहे. तेव्हा खोक्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. खाज सुटली, तर ‘होईल बरे’ म्हणत पुन्हा जेल लावू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

दिव्याविषयीही बरेच बोलले जाते. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात कॅलिफोर्नियातील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बशीत वाढवलेल्या पेशींवर या दिव्याचा उजेड एका बैठकीत वीस मिनिटे टाकला, तेव्हा २० ते ३० टक्के पेशी मेल्या. बशीतल्या पेशी म्हणजे जिवंत हातावरची कातडी नव्हे, आणि घरी आपण सलग वीस मिनिटे हात धरतही नाही. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, पण खबरदारी स्वस्त आहे : हातांना आधी सनस्क्रीन लावावे, किंवा बोटांची टोके कापलेले गडद हातमोजे घालावेत.

खरी परीक्षा रंग उतरवताना होते. कोपरा सुटला, की तो दाताने किंवा दुसऱ्या नखाने ओढून काढण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. त्या सालीबरोबर नखाचेही थर निघतात, आणि ‘जेलने माझी नखे खराब केली’ ही तक्रार पुष्कळदा इथे जन्माला येते. योग्य रीत अशी : वरचा चकचकीत थर कानशीने हलकेच घासावा. भोवतालच्या कातडीला व्हॅसलीन लावावे. अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा छोटा बोळा फक्त नखावर ठेवून, पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा तुकडा बोटाभोवती गुंडाळावा. दहा-पंधरा मिनिटे गप्पा माराव्यात. जेल फुगून सुटते. लाकडी काडीने अलगद सरकवले की येते. येत नसेल तर खरवडू नये, आणखी पाच मिनिटे बोळा ठेवावा. मग हात धुवून खोबरेल चोळावे.

अॅसिटोन भयंकर ज्वालाग्राही आहे आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली पसरते. हे काम स्वयंपाकघरात गॅसजवळ, देवघरात समई किंवा उदबत्ती तेवत असताना कदापि करू नये. खिडकी उघडी ठेवावी, पंख्याखाली निवांत बसावे, बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आणखी दोन गोष्टी. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी निदान एका-दोन बोटांचा रंग उतरवावा. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राला रंगीत नख अडचणीचे ठरू शकते, आणि ऐन वेळी जेल पुसून निघत नाही. दुसरे, दोन खेपांमध्ये काही आठवडे नखांना मोकळे ठेवावे. त्या काळात ती कशी दिसतात ते पाहावे. हिरवट, पिवळी किंवा सुटलेली दिसली, तर वर नवा रंग चढवून झाकू नयेत.

मेंदीचे एक बरे होते. ती चढायला रात्र घेई आणि उतरताना कुणाला काही करावे लागत नसे. नख वाढे तसा तिचा रंग पुढे सरके आणि कापला जाई. जेल आपणहून जाणारा पाहुणा नाही. त्याला बोलावणाऱ्या मुलीने लावण्यासाठी जसा तास काढला, तसाच त्याची पाठवणी करण्यासाठीही अर्धा तास राखून ठेवावा. तेवढी सवड नसेल त्या आठवड्यात साधे पॉलिश काय वाईट आहे?