गुरुवार, सव्वादोन

वेलिंग्टन स्ट्रीटवर बुटांखाली मीठ करकरतंय. फेब्रुवारीतला गुरुवार. उणे १८ अंश. ऑटवाच्या पार्लमेंट हिलवर बर्फ ओढून दोन्ही बाजूंना रचलाय आणि मधल्या वाटेनं मी चढावर निघालोय. ज्योतीपाशी क्षणभर थांबतो. कॅनडाच्या १९६७च्या शताब्दीसाठी पेटलेली ही ज्योत. भोवतीचं पाणी तिच्या उबेनं अजून वाहतं आहे. मागे घड्याळाचा मनोरा आणि त्याच्याभोवती क्रेन. मुख्य इमारत दुरुस्तीसाठी बंद आहे. २०१९पासून कनिष्ठ सभागृह शेजारच्या वेस्ट ब्लॉकमध्ये भरतं.

तपासणीची रांग. कोट काढा, पट्टा काढा, लॅपटॉप ट्रेमध्ये. "हॅलो, बाँजूर," सुरक्षारक्षक प्रत्येकाला दोन्ही भाषांत म्हणतो. ज्या भाषेत उत्तर येईल, त्या भाषेत पुढचं बोलणं.

आत शिरताच चष्म्यावर वाफ चढते. हीटर जोरात आहे. सभागृहाबाहेरच्या दालनात पत्रकार कोट हातावर टाकून उभे आहेत. जमिनीवर वायरी टेपनं चिकटवल्या आहेत. तीन ट्रायपॉड, एक उभा माईक. त्या माईकपाशी अजून कुणी नाही. कुणी केळं खातंय, कुणी भिंतीला टेकून बातमीचा पहिला परिच्छेद लिहितंय. त्यात नाव तेवढं भरायचं राहिलंय.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मी विधानभवनाच्या पायऱ्यांपाशी उभा राहिलोय. तिथे घोषणा आधी ऐकू येतात, माणसं मागाहून दिसतात. इथे फक्त बुटांचे आवाज. दार उघडलं की वीस माना एकदम वळतात. कारकून असतो. माना पुन्हा फोनमध्ये.

सव्वादोन. गॅलरीत जागा मिळते. जुन्या चौकावर काचेचं छत घालून हे सभागृह केलंय. पोलादी खांबांना वर झाडासारख्या फांद्या फुटल्या आहेत आणि हिवाळ्याचं पातळ ऊन खाली खासदारांच्या डोक्यांवर पडतंय. प्रश्नोत्तरं सुरू होतात. पाऊण तास चालतील. प्रश्नाला ३५ सेकंद, उत्तराला ३५ सेकंद. वेळ संपली की माईक बंद, वाक्य कुठेही असो. आयातशुल्क. घरांच्या किमती. पाइपलाइन. पुन्हा आयातशुल्क. कानातल्या यंत्रात दुभाष्याचा आवाज अर्ध्या वाक्यानं मागे धावतो, त्यामुळे फ्रेंच टोमण्यावर हशा दोनदा उठतो. आधी ज्यांना थेट कळलं त्यांचा, मग आमचा.

माझ्या शेजारची ज्येष्ठ वार्ताहर खाली बघतेय, पण बोलणाऱ्याकडे नाही. ती रिकाम्या खुर्च्या मोजतेय.

जागा ३४३. बहुमताला १७२. २०१९, २०२१ आणि २०२५ या तिन्ही निवडणुकांत मतमोजणीच्या रात्री एकाही पक्षाला बहुमत गाठता आलं नाही. त्यामुळे कोण काय बोललं याइतकंच कोण आलं नाही, हेही इथे टिपून ठेवतात. "१९७९," ती माझ्याकडे न बघता पुटपुटते. त्या डिसेंबरात सरकार अर्थसंकल्पावर पडलं. १३९ विरुद्ध १३३. काही माणसं हजर नव्हती. इथे नव्या बातमीदाराला ही गोष्ट ऐकावीच लागते.

प्रश्नोत्तरं संपतात. बरेच जण खाली धावतात, ती मात्र हलत नाही. गुरुवारी यानंतर विरोधी बाजूनं एक साधा प्रश्न येतो: पुढच्या आठवड्यात कामकाज काय? सरकार दिवसांची यादी वाचतं. सोमवारी हे विधेयक, मंगळवारी ते. ती चटचट लिहून घेते. कुठलं विधेयक यादीत नाही, त्याखाली दोन रेघा मारते.

खाली दालनात कोंडाळं झालंय. मंत्री माईकपाशी. मागून हात लांबवून धरलेले रेकॉर्डर, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. आपण याला बाईट म्हणतो, इथे स्क्रम. इंग्रजीत तीन प्रश्न होतात. मग क्युबेकचा तरुण पत्रकार शांतपणे म्हणतो, "आता फ्रेंचमध्ये." मंत्री तेच उत्तर फ्रेंचमध्ये देतात. तेच, पण तंतोतंत नाही. इंग्रजीत 'लवकरच' होतं, फ्रेंचमध्ये 'योग्य वेळी' झालं. तरुण मान वर करतो, ज्येष्ठ वार्ताहरही करते. दोघांची नजरानजर होते. आजची बातमी बहुधा एवढीच.

संध्याकाळी पाच. छोट्या स्टुडिओत चार खुर्च्या, तीन माणसं आणि प्रखर दिवे. आठवड्याची चर्चा. इथे पाच वाजलेत, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला साडेसहा आणि व्हँकुव्हरला दुपारचे दोन. एवढ्या देशाला एकच आठवडा सांगायचा. तरुण म्हणतो, सरकार वेळ काढतंय. ज्येष्ठ वार्ताहर म्हणते, नाही, मतं जुळत नाहीत म्हणून थांबलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरा किराणा मालाच्या भावांवर येतो. आवाज चढत नाहीत. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबतात. मला हे फार आवडतं. आठवडाभर एकाच दारापाशी ताटकळलेली माणसं एकमेकांचं ऐकतात.

चौथ्या खुर्चीवर एका छोट्या शहरातल्या दैनिकाची प्रतिनिधी बसायची. दैनिक बंद पडलं. २००८पासून देशभरात पाचशेहून जास्त स्थानिक वृत्तमाध्यमांना टाळं लागलंय. आपल्या खासदारानं या आठवड्यात कुठल्या बाजूनं मत दिलं, हे त्या गावांना आता कोण सांगणार? जाहिरातीच्या मध्यंतरात ज्येष्ठ वार्ताहर हाच प्रश्न विचारते. उत्तर कुणाकडेच नाही. दिवे पुन्हा लागतात.

बाहेर अंधार पडू लागलाय. टेकडीच्या उतारावर टॅक्सींची रांग. चाकांच्या बॅगा बर्फातून खडखडत येतात. खासदार विमानतळाकडे, आपापल्या मतदारसंघात निघालेत. ज्येष्ठ वार्ताहर हातमोजा काढून वही उघडते. टॅक्सीत बसणाऱ्या एकेका चेहऱ्याकडे बघते आणि खूण करते. बोटं लाल झालीत.

"सोमवारी परत किती येतात बघू," ती म्हणते आणि पुढच्या टॅक्सीकडे वळते.