मोहोळ दिसलं की फवारणीच?

फुलोऱ्याच्या हंगामात सोसायटीतल्या एखाद्या फांदीवर माश्यांचा गोळा लटकतो आणि तासाभरात पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावणं जातं. आता इथेच पोळं होणार, ही धास्ती. पण गोळ्यात पोळं दिसत नसेल, तर बहुतेकदा तो वसाहतीतून फुटून निघालेला घोळका असतो. जुनी राणीमाशी कामकरी माश्यांना घेऊन बाहेर पडते, वाटेत विसावते आणि टेहळ्या माश्यांना जागा सापडली की सगळ्या उठून जातात. मुक्काम काही तासांचा, फार तर दोन-तीन दिवसांचा. राखायला मध नाही, पिल्लं नाहीत. त्यामुळे छेडलं नाही तर त्या सहसा शांत असतात.

पोळं असेल तरी प्रत्येक मोहोळ ‘आग्या’ नसतं. झुडपातलं तळहाताएवढं फुलोरी माश्यांचं पोळं तिथेच राहू द्यावं. आग्या माश्या छज्ज्याखाली उघड्यावर एकच भलंमोठं पोळं बांधतात. मधपेटीत त्या राहत नाहीत आणि हंगाम सरला की स्थलांतर करतात. वावरापासून दूर, उंचावर असतील तर थांबणं शहाणपणाचं.

पोकळीत राहणाऱ्या सातेरी माश्यांची गोष्ट वेगळी. भिंतीच्या पोकळीतली किंवा मीटरच्या पेटीतली ही वसाहत जिवंत हलवता येते. मधपाळ हलका धूर देतो, पिल्लांची पोळी कापून चौकटींना दोऱ्याने बांधतो आणि राणीला पेटीत घेतो. मागोमाग बाकीच्या येतात. चरायला गेलेल्या माश्या परतेपर्यंत, म्हणजे अंधार पडेपर्यंत, पेटी तिथेच ठेवावी लागते.

फवारणीने प्रश्न मिटतो, हाही भ्रमच. माश्या मरतात, पण पोळं पोकळीत राहतं. मध झिरपतो, मुंग्या लागतात, तो विषारी मध लुटायला आलेल्या दुसऱ्या माश्याही मरतात. टेंभा लावणं तर जिवावरचं. डंखाबरोबर सुटणारा गंध इतर माश्यांना हल्ल्यासाठी बोलावतो. डंख झालाच तर काटा ताबडतोब काढावा. चेहरा सुजला, धाप लागली तर थेट रुग्णालय.

पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वरचं मध संचालनालय इथे प्रशिक्षित मधपाळाची चौकशी करता येते. मोहोळ किती उंचावर, उघड्यावर की पोकळीत, किती दिवसांपासून, हे सांगावं. लांबून काढलेला फोटो असला तर उत्तमच. येणारा माणूस माश्यांचं पुढे काय करणार, हेही आधीच विचारावं. काम झाल्यावर उरलेलं मेण खरवडून भोक बुजवून घ्यावं, नाहीतर त्याच वासावर पुढच्या हंगामात नवा घोळका येतो.