डायलिसिसवरच्या माणसाला कावीळ 'सी' आली कुठून?

आठवड्यातून दोन-तीनदा पहाटेची एसटी धरून डायलिसिसला जाणारी माणसे आता आपल्या वस्त्या-वस्त्यांत दिसतात. निरवांगीसारख्या गावातून बारामती, अकलूज नाहीतर थेट पुणे गाठायचे, चार तास यंत्राला जोडून घ्यायचे आणि गळून घरी यायचे. अशात एखाद्या दिवशी रिपोर्ट येतो, 'एचसीव्ही पॉझिटिव्ह'. म्हणजे हिपॅटायटीस सी, यकृताला सूज आणणारी कावीळ. मग घरात कुजबूज सुरू होते. दारू पीत होता का? बाहेर काही लफडे होते का? काही घरांत तर त्या माणसाचे ताट-पेला वेगळा काढला जातो.

आधी पेल्याचे बोलू. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने, लेकराला कडेवर घेतल्याने तो जात नाही. वेगळा पेला काय असतो हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे. त्या पाण्यासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला. तो पेला आपणच आपल्या घरात आणायचा का? दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि नेलकटर एवढे वेगळे ठेवले की पुरे.

आता विषाणू आला कुठून, याचा शोध. कुणी काहीही सांगितले तरी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, तपासून पाहा, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. इथे तपासायला विज्ञानाने एक साधन दिले आहे.

समजा, वंदनेची एक वही आहे. तिच्यावरून दुसऱ्याने हाताने उतरवून घेतली, त्याच्यावरून तिसऱ्याने. प्रत्येक जण एखादी काना-मात्रा चुकवतो. दोन वह्यांत नेमक्या त्याच चुका सापडल्या, की एक दुसरीवरून किंवा दोन्ही एकाच वहीवरून उतरवल्या हे कळते. हिपॅटायटीस सी विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे 9,600 अक्षरांचा आहे. आपली नक्कल करताना तो सारखा चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. म्हणून दोन रुग्णांचे विषाणू अगदी जवळून जुळले, तर त्यांचा उगम एकच असण्याची दाट शक्यता असते. मात्र 'दोघांनाही प्रकार 3 आहे' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. भारतात तो प्रकार सर्रास आढळतो. अक्षर न् अक्षर ताडून पाहावे लागते.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका डायलिसिस केंद्रात 2001 ते 2008 या काळात नऊ रुग्णांना नव्याने हा संसर्ग झाल्याचे आढळले. जनुके ताडली तेव्हा त्यांतल्या काहींचा विषाणू त्याच केंद्रातल्या आधीच्या बाधित रुग्णांशी जुळला. ते केंद्र बंद झाले. आपल्याकडे 2009 मध्ये गुजरातच्या मोडासा भागात हिपॅटायटीस बीची साथ येऊन अनेकांचा जीव गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्या विषाणूची जनुके तपासली. दोष निघाला नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरलेल्या सिरिंजांकडे.

डायलिसिसमध्ये हा विषाणू अखंड गाळणीच्या पडद्यातून सहसा पलीकडे जात नाही. तो जातो हाताने. एका रुग्णाची सुई काढून तेच हातमोजे घालून दुसऱ्याला हात लावला, हेपॅरिनची एकच बाटली सगळ्यांना वापरली, खुर्चीच्या हातावरचा रक्ताचा थेंब पुसायचा राहिला, की झाले. वाळलेल्या रक्तातही तो कित्येक दिवस तग धरतो. एका नर्सवर बरेच रुग्ण आणि पुढची पाळी दारात उभी, अशा घाईत हे घडते. म्हणून आम्ही तिच्यावर तुटून पडा असे म्हणत नाही. पण दर रुग्णामागे हातमोजे बदला, हे म्हणायचा आपला हक्क आहे.

जनुक जुळले म्हणून कुणी कुणाला दिले हे लगेच ठरत नाही. कोण कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर होते ती नोंदवही सोबत लागते. म्हणून डायलिसिस सुरू होण्याआधीचा रिपोर्ट आणि नंतर दर सहा महिन्यांचे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. सुरुवातीचा निगेटिव्ह कागद हाती असेल, तर 'तुम्ही घरूनच घेऊन आलात' असे कुणाला सहज म्हणता येत नाही. शंका असेल तर औषध सुरू करण्याआधी रक्ताचा नमुना राखून ठेवायला सांगा. विषाणू गेल्यावर ताडायला काही उरत नाही. पण त्यासाठी औषध लांबवू नका.

औषध आहे, हे अनेक घरांना माहीतच नसते. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात याची तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत आहेत. बहुधा 12 आठवड्यांत शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात, डायलिसिसवरचेही. लस मात्र 'बी'ची आहे, 'सी'ची नाही, आणि बरे झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते.

एक गोष्ट राहिली. बरे झाल्यावरही अँटिबॉडीची तपासणी बहुतेकदा पॉझिटिव्हच येत राहते. तेवढ्यावरून कुणी जुनाच शिक्का मारून बाजूला बसवत असेल, तर विषाणूची आरएनए तपासणी मागा. ती निगेटिव्ह असेल, तर तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.