रस्ता कोणास म्हणावे?

जबलपूरहून डिंडोरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४५ कुंडमवरून जातो. कुंडम हे जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण. अशा गावी एकाच डांबरी पट्ट्याला दोन व्यवसाय करावे लागतात. वेशीबाहेर तो मालमोटारींची लांबची वाट असतो. वेशीच्या आत दुकानाचे अंगण, मुलांची शाळेची वाट आणि बाजाराचा रस्ताही तोच होतो. त्याला महामार्ग म्हणावे की गावचा रस्ता? हा वाद नुसत्या शब्दांचा वाटेल. परंतु पायी चालणाऱ्यास किती जागा मिळावयाची, ते या शब्दांवरच ठरते.

रस्त्यांची प्रतवारी लावण्याचे काम आपल्या देशात नागपुरास झाले, हे मराठी माणसाला ठाऊक असावयास हवे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. जबलपूर तेव्हा त्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. त्या बैठकीत राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते अशी उतरंड ठरली. कोणता रस्ता कोणी बांधावा आणि कोणी राखावा, याला त्यामुळे एक आधार मिळाला.

नाव ठरले तरी रुंदीचा घोळ उरतोच. सामान्यतः डांबर जेवढे दिसते तेवढाच रस्ता, अशी समजूत असते. अभियंता मात्र दोन रुंद्या वेगळ्या मोजतो. रस्त्यासाठी राखलेली सगळी जमीन ही रस्त्याची हद्द. तिच्यातील ज्या भागावरून वाहने धावतात तो वाहनमार्ग. १९८० च्या प्रमाणांत सपाट मुलखातील राष्ट्रीय महामार्गाला मोकळ्या भागात सर्वसाधारणपणे ४५ मीटर हद्द सांगितली होती, तर वस्तीच्या भागात ३० मीटर. दुपदरी वाहनमार्ग ७ मीटरांचा धरला, तर ३० मीटरांच्या हद्दीत दोन्ही अंगांना साडेअकरा-साडेअकरा मीटर जागा उरते. बाजूपट्टी, गटार, झाडे, विजेचे खांब, पाण्याचे नळ आणि पदपथ यांची सोय तिथेच करावयाची असते. लोकांना ही जागा रिकामी वाटते. म्हणूनच प्रथम टपरी आणि मागाहून भिंत तीत शिरते. गंमत अशी की, जेथे रस्त्याकडून अधिक कामे घ्यावयाची, त्या वस्तीतच त्याची हद्द आखडते!

शहरातील रस्त्यांसाठी १९८३ साली निराळी प्रमाणे छापली गेली. त्यांत मुख्य मार्गास ५० ते ६० मीटर, उपमुख्य मार्गास ३० ते ४०, गल्ल्यांची रहदारी गोळा करून मोठ्या रस्त्यास पोचविणाऱ्या रस्त्यास २० ते ३० आणि घरापर्यंत जाणाऱ्या स्थानिक रस्त्यास १० ते २० मीटर हद्द सांगितली होती. येथे मोजमापाचे कारण बदलले. नागपूरची उतरंड रस्ता कोठून कोठे जातो हे पाहणारी होती. शहरातील वर्गवारी त्याच्याकडून कोणते काम घ्यावयाचे हे पाहते. कुंडमसारखे ठिकाण नेमके या दोन पुस्तकांच्या सांध्यावर येते. धड शहर नव्हे, धड मोकळा मुलूखही नव्हे. तेथे महामार्गाचे माप एकट्याने लावले, तर वेगाची सोय होते आणि पादचारी विसरला जातो.

या बाबतीत १८८८ चा मुंबई महानगरपालिकेचा कायदा अधिक दूरदर्शी ठरतो. त्यातील रस्त्याच्या व्याख्येत पूल, गल्ली, बोळ यांचा समावेश आहेच. शिवाय पदपथ आणि वाहनमार्ग दोन्ही असतील तेथे रस्ता या शब्दात दोन्ही येतात, असे स्पष्ट म्हटले आहे. पदपथ हा रस्त्याला दिलेला दागिना नसून त्याचेच अंग आहे, हे कायद्याने शब्दांत बांधले. अभियंत्यांची प्रमाणे स्वतः कायदा नसतात; शासनाने किंवा कंत्राटाने स्वीकारली म्हणजे त्यांना बळ येते. व्याख्येचे तसे नाही. ती कायद्यातच बसलेली असते.

पदपथाची मापेही अशीच नेमकी आहेत. २०१२ च्या प्रमाणांनुसार चालण्यासाठी निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. तीत खांब नको, फलक नको. उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी, कारण म्हाताऱ्या माणसाला उंच पायरी चढवत नाही आणि चाकांच्या खुर्चीला तर ती भिंतच.

वाहनमार्ग मध्यभागी किंचित उंच ठेवून पाणी दोन्ही कडांना उतरवितात. हा उतार शेकडा दोन धरला, तर सात मीटरांच्या रस्त्याचा मध्य कडेहून सात सेंटिमीटर उंच राहतो. जुना थर न खरवडता पाच-पाच सेंटिमीटरांचे दोन नवे थर चढविले, की पंधरा सेंटिमीटरांच्या पदपथाची उंची पाचच उरते. मग मोटारी त्यावर सहज चढतात आणि पावसाचे पाणी गटारात न जाता शेजारच्या उंबऱ्याकडे वळते. नकाशावर पदपथ तसाच असतो. म्हणून नव्या थराच्या अंदाजपत्रकात जुना थर खरवडण्याची बाब प्रथम लिहावी लागते.