किल्लीपासून चषकापर्यंत

मध्ययुगीन युरोपात चर्चच्या सेवेत येणाऱ्या तरुणाला त्याचं काम अक्षरशः हातात दिलं जाई. द्वारपाल व्हायचं असेल तर बिशप त्याला चर्चच्या किल्ल्यांना हात लावायला सांगत. मग त्याला दारापाशी नेत, दार लावून उघडायला लावत, घंटा वाजवायला लावत. वाचकाच्या हाती वाचनाचा ग्रंथ येई, भूतबाधा घालवणाऱ्याच्या हाती त्या प्रार्थनांची पोथी. वेदीसेवकाला न पेटवलेली मेणबत्ती आणि रिकामी झारी. या चार खालच्या पायऱ्या. त्यांच्यावर उपडीकन, डीकन आणि पुरोहित. फ्रान्समधल्या मांदचे बिशप गियोम द्युराँ यांनी 1295च्या सुमारास बिशपांसाठी जो विधिग्रंथ सिद्ध केला, त्यात हे सगळं बारकाईनं येतं.

वसईत मी गुरुदीक्षा, म्हणजे पुरोहितपदाची दीक्षा, पाहिली आहे. सर्व संतांची प्रार्थनामाला गायली जात असताना उमेदवार वेदीसमोर जमिनीवर पालथा पडून असतो. मग बिशप काही न बोलता त्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवतात, त्यांच्यामागून जमलेले फादर एकेक करून पुढे येऊन तसंच करतात. तळव्यांना पवित्र तेल लावलं जातं आणि शेवटी हातात येतात तबकडी आणि चषक, भाकर आणि द्राक्षरसासह. मला त्या मौनाचा क्षण सगळ्यात भारी वाटला. मध्ययुगातल्या पंडितांना मात्र चषक महत्त्वाचा वाटे. 1439मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेतल्या आदेशानं तर चषक आणि तबकडी हाती देणं हेच दीक्षेचं मर्म ठरवलं. ते मस्तकावर हात ठेवण्यात आहे, हा निर्णय पोप बारावे पायस यांनी दिला तो थेट 1947मध्ये. खालच्या चार पायऱ्यांच्या दीक्षा आणि उपडीकनपद 1972मध्ये संपले.

खालच्या पायऱ्यांवरचा माणूस लग्न करून संसाराला लागू शके. उपडीकन झाला की तो रस्ता बंद. म्हणूनच इथे वयाची अट आली: 1311–12च्या व्हिएन परिषदेनं उपडीकनासाठी 18वं, डीकनासाठी 20वं आणि पुरोहितासाठी 25वं वर्ष धरलं. वर पोटापाण्याचाही प्रश्न होताच. उमेदवाराच्या निर्वाहाची सोय आहे का, हे न पाहता दीक्षा दिली तर त्याला पोसण्याचा भार बिशपवरच येईल, असं 1179च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेनं बजावलं. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. वेदीपाशी उभ्या राहणाऱ्याला भीक मागावी लागू नये, याची जबाबदारी दीक्षा देणाऱ्यावर टाकलेली.

पण दीक्षेची पायरी वेगळी आणि अधिकाराचं पद वेगळं. आर्चडीकन दीक्षेनं बहुधा डीकनच असे, म्हणजे मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्याला नसे. तरी उमेदवारांची परीक्षा घेऊन त्यांना बिशपपुढे उभं करणारा तोच, गावोगावची चर्चं तपासणारा तोच, पुरोहितांच्या चुकांचा न्याय करणाराही तोच. गावचे पुरोहित त्याच्या दौऱ्याला टरकून असत.

इंग्लंडमध्ये टॉमस बेकेट 1154पासून कँटरबरीचे आर्चडीकन होते. शिवाय दुसऱ्या हेन्री राजाचे चॅन्सेलर. राज्याची मोहोर त्यांच्या ताब्यात, चर्चमध्येही वजन, आणि तरी दीक्षेनं केवळ डीकन. 1162मध्ये आर्चबिशप म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा मधली पायरी राजाच्या शब्दानंही ओलांडता येत नव्हती. शनिवारी, 2 जूनला त्यांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. रविवारी, 3 जूनला ते कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आर्चबिशप झाले.