आईला ‘स्टार वॉर्स’ दाखवताय? चौथ्या भागापासून सुरू करा

सुटीत पवनीला घरी जाऊन आईला ‘स्टार वॉर्स’ दाखवणार असाल, तर भाग १ लावू नका. जॉर्ज लुकास यांचा १९७७चा पहिला चित्रपट कथेत चौथा आहे. आधी ४, ५, ६ बघा. १९९९ ते २००५ दरम्यान आलेले १, २, ३ नंतर. कारण पाचव्या भागातला (१९८०) धक्का. तो एकदाच बसतो, आणि भाग ३ आधी पाहिला तर तेवढाही नाही. पवनीकरांना ही उलटी वाट नवी नाही: जगन्नाथ टेकडीच्या १९६९-७०च्या उत्खननातही वरचे, अलीकडचे थर आधी निघाले, जुना स्तूप नंतर. सुरुवातीला सरकणारा इंग्रजी मजकूर पॉज करून मराठीत सांगा. डार्थ व्हेडर कोण, हे मात्र आईने कितीही विचारलं तरी सांगू नका.